गोचीड सुरक्षितपणे काढण्याची साधनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोचिडाबद्दल विचारणाऱ्यांपैकी काहींना तो आत्ता कुठेतरी चिकटलेला असतो आणि हात थरथरत असतात. काहींचा काढून झालेला असतो, पण ‘आपण नीट काढला ना?’ ही शंका पाठ सोडत नाही. दोघांनाही उपयोगी पडेल असं लिहिण्याचा प्रयत्न केला आहे. मी बारा वर्षं कुत्री पाळते आहे आणि रानात, गवतात फिरणं हा आमच्या घरातल्या सगळ्यांचाच आवडीचा उद्योग आहे. त्यामुळे या प्राण्याशी गाठ नेहमीची.

आत्ता गोचीड चिकटलेला आहे, सगळं वाचायला वेळ नाही. काय करू?

बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचीड जिथे कातडीत शिरला आहे तिथे, अगदी कातडीला टेकवून, त्याला तोंडाजवळ धरा. फुगलेल्या पोटाला धरू नका. मग सरळ वर, हळूहळू, एकसारखा ताण देत ओढा. झटका नको आणि चिमट्याने पिळणंही नको. काही सेकंद कातडी तंबूसारखी उचलली जाईल, तरी ताण तसाच ठेवा. तो सुटेल. नंतर ती जागा आणि हात साबणाने धुवा, स्पिरिट किंवा आयोडीन लावा आणि आजची तारीख कुठेतरी लिहून ठेवा. त्याला नखाने चिरडू नका. बाकीचं सवडीने वाचा.

एवढासा जीव, मग निघताना इतका त्रास का देतो?

डास टोचतो आणि उडून जातो. गोचीड मुक्कामाला येतो. तो कीटक नाही, कोळ्याच्या गोतातला आहे. पूर्ण वाढलेल्याला आठ पाय असतात, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा. तोंडाशी करवतीसारखी दोन पाती असतात, त्यांनी तो कातडी कापतो. त्या चिरेतून एक चपटी सोंड आत सारतो. सोंडेवर मागच्या बाजूला वळलेले दाते असतात, मासे धरण्याच्या गळाला असतो तसे. आत जाताना ते आडवे येत नाहीत, बाहेर ओढताना मात्र अडकतात. त्यावर बऱ्याच जातींचे गोचीड लाळेतून एक प्रकारचं सिमेंट सोडतात, ते सोंडेभोवती घट्ट होतं. लाळेत जागा बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे पदार्थही असतात, म्हणूनच तो चावल्याचं कळत नाही आणि तीन दिवसांनी अंघोळ करताना बोटाला काहीतरी लागतं.

मादी आठवडा-दहा दिवस एकाच जागी रक्त पिऊ शकते आणि तेवढ्यात तिचं वजन शंभरपटीपर्यंत वाढतं. ती सुरुवातीला तिळाएवढी आणि शेवटी द्राक्षाच्या मण्यासारखी दिसते, ती यामुळे. हे फुगलेलं पोट म्हणजे रक्ताची पिशवी आहे. ती दाबली तर आतलं द्रव्य उलटं जखमेत जाण्याचा धोका असतो. साधनं निरनिराळी दिसली तरी सगळी याच एका अडचणीवर बेतलेली आहेत : पोट न दाबता सोंडेला कसं गाठायचं.

तो गोचीडच आहे याची खात्री कशी करू?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला हवा. कुत्र्याच्या पोटावर लोक ज्याला गोचीड समजून ओढतात, ते कित्येकदा त्याचं सड असतं. नर कुत्र्यालाही सड असतात. कधी ती चामखीळ असते, कधी वाळलेली खपली. मुक्या जनावराला यात केवढ्या वेदना होत असतील याची कल्पनाही करवत नाही. म्हणून आधी केस बाजूला करा, टॉर्च मारा, भिंग धरा आणि पाय शोधा. कातडीला लागून, पोटाच्या पुढच्या टोकाला, इवलेसे पाय दिसले तरच तो गोचीड. सड दोन्ही बाजूंना जोडीजोडीने असतात, हीही एक खूण आहे. पाय दिसत नसतील तर ओढू नका, पशुवैद्याला दाखवा.

माणसाच्या अंगावर उलटी चूक होते. गोचिडाचं मधल्या वयाचं पिल्लू, ज्याला निम्फ म्हणतात, ते खसखशीच्या दाण्याएवढं असतं. त्याला लोक तीळ समजतात किंवा मातीचा कण समजून सोडून देतात. काल नसलेला ‘तीळ’ आज दिसला तर भिंगातून नक्की बघा.

चिमटा घ्यायचा तर कसला?

टोकाकडे निमुळता होत गेलेला, बारीक टोकाचा. भुवया कोरायचा रुंद, तिरक्या कडेचा चिमटा बहुतेक घरांत असतो आणि घाईत तोच हाती येतो. आमच्याही घरी तसंच झालं. पहिल्या कुत्रीच्या मानेवर टपोरा गोचीड होता. मी तो रुंद चिमटा लावला, टोकं इतकी जाड की ती कातडी आणि गोचीड यांच्या फटीत शिरेनात. पोटच पकडलं गेलं आणि फुटलं. अंगठा रक्ताने माखला आणि सोंड आत तशीच. कुत्री पुढे ठणठणीत राहिली, पण दुसऱ्याच दिवशी मी बारीक टोकाचा चिमटा आणला आणि तोच आजही वापरते.

विकत घेताना दोन गोष्टी करून बघा. डोक्याचा एक केस चिमट्यात धरून ओढा. केस निसटला तर टोकं नीट जुळत नाहीत, असा चिमटा घेऊ नका. मग चिमटा उजेडासमोर दाबून धरा. टोकं एकमेकांवर चढत असतील किंवा एक पुढे, एक मागे होत असेल तरी नको. सुईसारखी अतितीक्ष्ण टोकंही टाळा, ती गोचिडाला कापतात. काटा-कुसळ काढायला वापरतात तो स्टीलचा चिमटा उत्तम. टोक किंचित वाकडं असलं तर आणखी बरं, कारण हात आडवा ठेवून कातडीलगत धरता येतं आणि आपलं बोट नजरेच्या आड येत नाही.

हुक चिमट्यापेक्षा चांगला का?

बऱ्याच बाबतींत हो. गोचीड काढायचा हुक म्हणजे खिळा उपटायच्या पहारीचं चिमुकलं रूप. टोकाशी फट असलेला वाकडा आकडा आणि धरायला दांडी. फट गोचिडाच्या आणि कातडीच्या मधून बाजूने सरकवायची. सोंड फटीत बसली की दांडी किंचित उचलायची आणि बोटांमध्ये गोल फिरवायची. दोन-तीन फेऱ्यांत गोचीड सुटून हुकात येतो. पोटावर दाब येतच नाही, हा याचा मोठा गुण. केसाळ कुत्र्यासाठी आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी मी हुकच सुचवते.

सहसा दोन आकारांची जोडी मिळते. दोन्ही लागतात. मोठ्या हुकाच्या फटीतून निम्फ निसटून जातो आणि लहान हुक टम्म फुगलेल्या मादीखाली शिरत नाही. हुक आणताना फटीकडे लक्ष द्या : ती आत जाता जाता निमुळती होऊन शेवटी जवळजवळ मिटलेली असावी. प्लास्टिकच्या काही स्वस्त नकलांमध्ये फट सगळीकडे सारखीच रुंद असते, त्यात काहीच अडकत नाही.

कार्ड, चमचा, किल्ली, दोऱ्याचा फास यांचं काय?

कार्ड पाकिटात मावतं, ही त्याची जमेची बाजू. कोपऱ्यात खाच असते. कार्ड कातडीवर चपटं दाबून पुढे सरकवायचं, गोचीड खाचेत अडकून उचलला जातो. पोटरी, पाठ, दंड अशा सपाट जागी छान चालतं. काखेत, बोटांच्या बेचक्यात, कानामागे किंवा दाट केसांत ते नीट टेकतच नाही.

खाचेचा चमचाही याच तत्त्वावर चालतो, निघालेला गोचीड त्याच्या खोलगट भागात राहतो एवढा फायदा. किल्लीसारख्या साधनात गोचीड छिद्रात घेऊन निमुळत्या टोकाकडे ओढतात. मोठ्या गोचिडाला ते ठीक, बारीक पिल्लाला नाही. पेनसारख्या दांडीतून बारीक दोऱ्याचा फास बाहेर येतो असंही साधन असतं. ते जपून वापरणाऱ्याच्या हातात फार चांगलं काम करतं, पण वळवळणाऱ्या कुत्र्यावर फास टाकून बघा, म्हणजे मी ते का वापरत नाही हे कळेल.

एकच घ्यायचं असेल तर बारीक टोकाचा चिमटा घ्या. कुत्रा पाळला असेल तर सोबत हुकांची जोडी. आणि ते सोबत ठेवा. घरच्या कपाटात पडलेला उत्तम हुक रानात काही कामाचा नाही.

पिळून काढायचा की सरळ ओढायचा? दोन्ही सल्ले ऐकले आहेत.

दोन्ही बरोबर आहेत, साधन वेगळं आहे. चिमट्याने सरळ ओढायचं, कारण चिमट्यात गोचीड घट्ट दाबलेला असतो आणि पिळलं तर सोंड तुटायची शक्यता वाढते. हुकात तो दाबला जात नाही, नुसता तोललेला असतो. तिथे फिरवल्याने दाते आणि सिमेंट सैल होतात. हुक ओढू नका, चिमटा पिळू नका. डावीकडे फिरवायचं की उजवीकडे, असं पुष्कळ जण विचारतात. सोंडेला स्क्रूसारखे आटे नसतात, त्यामुळे कुठल्याही बाजूने फिरवा. फक्त मध्येच दिशा बदलू नका.

तेल, पेट्रोलियम जेली, नेलपॉलिश, स्पिरिट किंवा पेटती काडी लावली की तो आपोआप सुटतो ना?

नाही. कृपया हे करू नका, आणि दुसरं कोणी करत असेल तर थांबवा. अमेरिकेतले संशोधक ग्लेन नीडहॅम यांनी १९८५ साली पेट्रोलियम जेली, नेलपॉलिश, स्पिरिट आणि गरम काडी हे प्रचलित उपाय तपासून पाहिले. गोचीड एकानेही सुटला नाही. कारण साधं आहे : गोचीड फार सावकाश श्वास घेतो, त्याला गुदमरवायला तास न् तास लागतात. तोवर तो आतच असतो. आणि चटका किंवा औषध लागून तो बेचैन झाला, तर लाळ आणि पोटातलं द्रव्य जखमेत सोडण्याची भीती असते. आपल्याला जे टाळायचं आहे नेमकं तेच घडतं. पेटत्या काडीने कातडी भाजते ती वेगळीच.

स्पिरिट लावायचं ते काढून झाल्यावर.

जवळ कुठलंच साधन नाही. घरी पोचेपर्यंत थांबू का?

थोड्याच वेळात चिमटा मिळणार असेल तर थांबा. रात्र काढावी लागणार असेल तर थांबू नका. बारीक सुती दोरा मिळाला तर त्याची सैल गाठ करून गोचिडावरून खाली सरकवा, कातडीला टेकवून घट्ट करा आणि दोन्ही टोकं एकत्र धरून सावकाश वर ओढा. दोराही नसेल तर बोटांवर रुमाल, कागद किंवा प्लास्टिकची पिशवी घ्या आणि दोन नखांच्या टोकांनी, पोटाखालून, शक्य तितकं कातडीलगत धरून ओढा. हा शेवटचा पर्याय आहे. पण पद्धत शंभर टक्के बरोबर असावी म्हणून गोचीड आणखी बारा तास रक्त पीत ठेवणं हे त्याहून वाईट.

सोंड आत राहिली! आता?

सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडते ती इथे, आणि सगळ्यात कमी घाबरण्यासारखं आहे तेही इथेच. लोक म्हणतात ‘डोकं आत राहिलं’. गोचिडाला आपण समजतो तसं डोकं नसतंच, राहतात ते तोंडाचे भाग. शरीरापासून तुटलेला तो तुकडा जिवंत नसतो, पुन्हा वाढत नाही, रक्त पीत नाही. चिमट्याच्या टोकात सहज आला तर काढा. येत नसेल तर सोडून द्या. कुसळ राहिलं तर शरीर जसं ते हळूहळू बाहेर ढकलतं, तसंच याचं होतं. सुईने उकरत बसलात तर जखम मोठी होऊन पिकेल आणि सोंडेपेक्षा तीच जास्त त्रास देईल. लाली पसरत गेली, पू झाला, ठणका लागला तर डॉक्टरांकडे जा.

काढलेल्या गोचिडाच्या तोंडाशी कधी पांढुरका कण चिकटलेला दिसतो. ती कातडीची बारीक कपची आणि वाळलेलं सिमेंट. ते दिसलं म्हणजे गोचीड पूर्ण निघाला असं खुशाल समजा.

लहान मूल स्थिर बसत नाही. कसं करायचं?

दोन माणसं लागतात. एकाने मुलाला मांडीवर घेऊन डोकं आपल्या छातीशी टेकवायचं, दुसऱ्याने काढायचं. उजेड भरपूर हवा. मुलाला चिमटा आधी हातात घेऊ द्या, त्याच्या बाहीच्या धाग्यावर ओढून दाखवा. ‘दुखणार नाही’ असं म्हणू नका. ‘थोडं ओढल्यासारखं वाटेल, पाचपर्यंत मोज’ असं सांगा. खोटं पकडलं गेलं की पुढच्या वेळी मूल जवळ येऊ देत नाही.

माझ्या भाचीच्या कानामागे एकदा निम्फ सापडला. टॉर्चच्या उजेडात पाळीच्या घडीत एक गडद ठिपका, त्याखाली केसाएवढे पाय. लहान हुक आत सरकवला, तो लागला की नाही हेही हाताला कळेना. एक फेरी, दुसरी, आणि तिसऱ्या फेरीला ठिपका हुकासोबत फिरला. पांढऱ्या कागदावर टेकवला तर तो चालू लागला. भाचीने तो चालताना पाहिला तेव्हाच तिचा रडवेला चेहरा निवळला. मग तिने स्वतःच चिकटपट्टी आणून त्याच्यावर लावली.

पापणीवर किंवा कानाच्या नळीत आत चिकटला असेल तर मात्र घरी प्रयत्न नको. तिथे डॉक्टरच हवेत.

अंगावर कुठे कुठे शोधायचं?

केसांच्या मुळांशी, कानांमागे, काखेत, बेंबीत, कमरपट्ट्याच्या रेषेवर, जांघेत, गुडघ्यांमागे. गवतातून आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ केली तर न चिकटलेले वाहून जातात आणि चिकटलेले हाताला लागतात. कपडे कोरडे असतानाच ड्रायरमध्ये जास्त तापमानाला दहा मिनिटं फिरवले तर त्यांवरचे मरतात. थंड पाण्याच्या धुण्यातून ते जिवंत बाहेर येतात.

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत काय वेगळं?

कुत्र्याचे कान आतून, पट्ट्याखालची मान, काखा, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या आणि शेपटीचं मूळ इथे हात फिरवा. डोळ्यांपेक्षा बोटांची टोकं जास्त शोधतात. केस दोन्ही बाजूंना ओले करून पाडले की हुक लावायला जागा मिळते. एक सापडला म्हणून थांबू नका, बहुधा आणखी असतात.

कुत्र्यासाठी बनवलेलं परमेथ्रीनचं औषध मांजराला कधीही लावू नका. मांजरासाठी ते विष आहे, जीव जाऊ शकतो. घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्याला औषध लावण्याआधीच पशुवैद्याला तसं सांगा. आणि गोचीड असलेला कुत्रा सुस्त झाला, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या किंवा मागचे पाय लटपटू लागले तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. काही गोचिडांच्या लाळेतल्या विषाने पक्षाघातासारखी अवस्था येते.

गाई-म्हशींच्या अंगावर शेकड्यांनी असतात. तेही चिमट्याने?

तिथे चिमटा पुरा पडत नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध आणि गोठ्याची स्वच्छता हाच मार्ग, कारण मादी पोट भरलं की खाली गळून पडते आणि फटीत हजारो अंडी घालते. थोडे असतील तर हातमोजे घालून काढा. पण उघड्या बोटांनी चिरडण्याची सवय असेल तर आजच सोडा. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापासारखा जीवघेणा आजार गोचीड चिरडताना हाताला लागलेल्या द्रव्यातूनही होतो.

पायावर एकदम पन्नास-साठ बारीक ठिपके चढले. हे एकेक काढायचे?

ती एकाच अंडीपुंजातली पिल्लं, सहा पायांची. अजून चिकटलेली नसतील तर रुंद चिकटपट्टी दाबून उचला, किंवा कपड्यांवरचा केर काढायचा चिकट रोलर फिरवा. चिकटलेली असतील त्यांना मात्र चिमटाच, भिंगाखाली, धीराने.

किती वेळ चिकटला असेल तर रोगाची भीती?

एकच आकडा सांगता येत नाही, आजारानुसार तो बदलतो. लाइम आजाराचे जिवाणू गोचिडाच्या आतड्यात असतात. तिथून ते लाळेपर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून लागण व्हायला साधारण २४ तासांहून जास्त काळ तो चिकटलेला असावा लागतो. विषाणूंची गोष्ट वेगळी. गोचिडामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे विषाणू लाळेतच असतात, ते काही मिनिटांतही शरीरात जाऊ शकतात. या आजारावर लस आहे, जिथे तो आढळतो त्या भागात जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला ‘माकडताप’ही विषाणूचाच आणि माणसापर्यंत तो मुख्यतः निम्फकडून येतो.

दिसल्या क्षणी काढायचा, तो यामुळेच. आणि लवकर काढला म्हणून पुढे लक्ष ठेवणं मात्र सोडू नका.

काढलेल्या गोचिडाचं काय करू?

चिकटपट्टीत बंद करा, किंवा छोट्या बाटलीत स्पिरिट घालून त्यात टाका. वर तारीख, अंगावरची जागा आणि कुठून आल्यावर सापडला ते लिहा. महिनाभर ठेवा. पुढे ताप आला तर त्याची जात ओळखणं डॉक्टरांना उपयोगी पडतं. साध्या पाण्यात तो लवकर मरत नाही, म्हणून बेसिनमध्ये सोडून देऊ नका. गोचिडाचीच प्रयोगशाळेत तपासणी करण्याची सोय काही ठिकाणी असते, पण त्याच्यात जंतू सापडले म्हणजे ते तुमच्यात आलेच असं नाही आणि सापडले नाहीत म्हणून निर्धास्त होता येत नाही. लक्षणांकडे बघा.

नंतर किती दिवस लक्ष ठेवायचं, आणि डॉक्टरांकडे कधी?

३० दिवस. पहिल्या दिवशी-दोन दिवसांत येणारी छोटी, खाजरी लाल गांधी ही चावल्याची साधी प्रतिक्रिया असते आणि ती ओसरत जाते. सावध व्हायचं ते वाढत जाणाऱ्या चट्ट्याला. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांत, बहुधा आठवडाभराने येतो, रोज थोडा पसरतो, ५ सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि सहसा खाजत किंवा दुखत नाही. मधोमध फिका पडून तो चक्राकार दिसतो असं सांगतात, पण सगळ्यांचा तसा नसतो. पेनाने त्याची कड आखून ठेवा आणि रोज फोटो काढा, म्हणजे वाढतो आहे का ते कळेल.

ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी, पुरळ, चेहऱ्याची एक बाजू ओघळणं, हातापायांतली शक्ती जाणं, यांपैकी काहीही झालं तर डॉक्टरांकडे जा आणि ‘गोचीड चावला होता’ हे न विसरता सांगा. हे वाक्य सांगितलं नाही तर त्यांना ते सुचेलच असं नाही. लाइम असलेल्या भागात, काढल्यापासून ७२ तासांच्या आत, डॉक्टर कधीकधी डॉक्सिसायक्लिनचा एक डोस देतात. घरातल्या उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नका.

ऑस्ट्रेलियात म्हणे ओढू नका, गोठवा, असं सांगतात. मग खरं काय?

तिथल्या पक्षाघाती गोचिडाच्या लाळेची काही लोकांना जीवघेणी ॲलर्जी होते. ओढताना तो दबला आणि लाळ आत गेली तर श्वास अडकू शकतो. म्हणून अशा माणसांना ईथर असलेल्या फवाऱ्याने तो जागच्या जागी गोठवून मारण्याचा सल्ला दिला जातो. गोचीड चावल्यावर ज्यांना पूर्वी अंगभर गांधी, ओठांना सूज किंवा धाप लागली असेल त्यांनी, कुठेही राहत असले तरी, काढण्याची रीत आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. बाकीच्यांनी चिमटा किंवा हुक.

साधन धुवायचं कसं?

साबण-पाण्याने, मग स्पिरिटने पुसून कोरडं करायचं. हुकाची फट जुन्या दातब्रशने घासा, सोंडेचे तुकडे तिथेच अडकतात. हा चिमटा फक्त याच कामाला ठेवा.

फिरायला जाताना पिशवीत नेमकं काय ठेवू?

बारीक टोकाचा चिमटा, हुकांची जोडी, छोटं भिंग, स्पिरिटच्या पट्ट्या, चिकटपट्टी, तारीख लिहायला पेन. टॉर्च फोनमध्ये असतोच. हे सगळं चष्म्याच्या जुन्या डबीत बसतं, आणि माझी डबी कुत्र्याच्या साखळीसोबत एकाच खुंटीला टांगलेली असते. साखळी घेतली की डबी आपोआप हातात येते.